आप्पा, तुमची चार नंबरची खुर्ची

आप्पा, तुमच्या शोकसभेत प्रमुख पाहुणे सिंहासनावर बसले होते. मंडपवाल्याकडचं ते लाल मखमलीचं, हातांच्या टोकांना सोनेरी सिंह असलेलं, लग्नात नवरा-नवरीला बसवतात ते. तुमचा फोटो शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होता. पाहुणे तुमच्याबद्दल बराच वेळ बोलले. तुम्ही समाजाचा आधारवड होतात, असं त्यांच्याकडून कळलं. दोनदा त्यांनी तुमचं नाव चुकवलं आणि एकदा तुम्हाला शिक्षक केलं. मी उठून दुरुस्ती करणार होतो, पण तेवढ्यात त्यांची उठायची वेळ झाली. सिंहासन इतकं खोल होतं की त्यांना दोघांनी हात देऊन वर काढलं. ते बघायला तुम्ही हवे होतात.

तुमच्या खुर्च्याही तिथे होत्या, शेवटच्या रांगेत. नेहमीप्रमाणे कुणीतरी न विचारता घरातून उचलून आणल्या होत्या. एकीवर वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी मांडी घालून बसल्या होत्या आणि भाषण चालू असताना सावकाश झुलत होत्या. त्या लाकडाला तशी लवचीक चाल आहे, हे त्यांना कुणी सांगायला लागलं नव्हतं.

तुम्ही जाऊन आता पंधरा दिवस झाले. लिहायला बसलोय ते एका खुर्चीपायी. तुमच्या चार खुर्च्यांपैकी एक तुमच्या हातची होती आणि ती कुठली हे मला सांगता येत नव्हतं. वहिनींना तेवढीच ठेवायची होती. बाकीच्या मुंबईला जाणार होत्या.

पण आधी आपलं भांडण. ते अकरा वर्षं चाललं आणि तुम्ही मध्येच निघून गेलात, त्यामुळे आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात.

तुम्ही पहिल्यांदा शिरूरला माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात आलात, तेव्हा मला वाटलं कुणाच्या तरी प्रवेशाचं काम असेल. तुम्ही खिशातून मोबाइल काढून एका खुर्चीचा फोटो दाखवलात. "सर, ही कुठल्या पुस्तकात हाय का बघा." लाकडाची एकच पट्टी जमिनीवरून निघून वळत वर येत होती, हात होत होती आणि पुन्हा खाली उतरत होती. कुठे सांधा दिसत नव्हता. तुम्ही सणसवाडीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्नमेकर होतात. लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा, हे तुमचं काम. तुम्ही म्हणालात, "मी लाकडाशिवाय काय केलं न्हाई जन्मात. पण ह्ये कसं वाकवलं त्ये मला कळंना. झोप लागंना."

झोप न लागण्याइतकी उत्सुकता घेऊन माझ्या ग्रंथालयात त्याआधी कुणी आलं नव्हतं. प्राध्यापक तर नाहीच.

खुर्च्या आल्या होत्या एका परदेशी कंपनीच्या गेस्ट हाउसातून. कंपनी उत्तर युरोपातली. गेस्ट हाउस बंद झालं तेव्हा सगळं सामान भंगारवाल्याकडे गेलं. तुम्ही त्याच्याकडून तीन खुर्च्या उचलल्यात. तो म्हणाला होता, "चाचा, इसमें लोहा तो है ही नहीं, ले जाओ."

पुस्तक शोधायला मला दोन महिने लागले. मिळालं ते पुण्याच्या एका ग्रंथालयातून मागवून. त्यावरून आपल्याला कळलं, की गेल्या शतकाच्या विशी-तिशीत फिनलंड, स्वीडन, डेन्मार्ककडच्या काही वास्तुविशारदांनी इमारती बांधता बांधता त्यांच्यासाठी खुर्च्याही करायला घेतल्या. दवाखाना बांधला तर रोग्याला नीट श्वास घेता येईल अशी खुर्ची. शाळा बांधली तर पोराच्या उंचीचं बाक. तुम्ही विचारलंत, "गवंडी खुर्ची करतो व्हय कधी?" मी म्हटलं, त्यांच्याकडे करतो. "आन् आपल्याकडं आर्किटेक्ट नुसता नकाशा पास करून देतो," तुम्ही म्हणालात.

मी वाचून दाखवलं, की तेव्हा इतर देशांत वाकवलेल्या लोखंडी नळ्यांच्या खुर्च्यांची टूम होती, पण या मंडळींना थंडीत लोखंड अंगाला लागलेलं नको होतं, म्हणून त्यांनी बर्चच्या लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून वाकवले. तुम्ही जरा विचार केलात. "त्यांच्याकडं थंडीत लागतं, आपल्याकडं दौंडच्या स्टँडवर मे महिन्यात लागतं. अडचण येकच हाय."

त्यानंतर तुम्हाला नादच लागला. तीन पायांचं स्टूल तुम्हाला पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलं. त्यावर उभा राहून एक रंगारी दुकानाची पाटी रंगवत होता. तुम्ही त्याला हाक मारून खाली उतरवलंत, स्टूल उलटं करून बघितलंत आणि पुन्हा सरळ करून म्हणालात, "चढा परत. पाटी झाली की मला द्या." मोठ्या चाकांची चहाची ढकलगाडी शिरूरच्या एका दवाखान्यात इंजेक्शनं ठेवायला वापरत होते. तिच्यासाठी तुम्ही दवाखान्याला नवी स्टीलची ट्रॉली घेऊन दिलीत. एवढ्यावर तुमचा संग्रह संपतो. मासिकांत ज्यांचे फोटो येतात त्या संग्राहकांकडे यापेक्षा जास्त वस्तू असतील. पण त्यांच्यापैकी कुणी लाकूड नाकाला लावून वास घेतला असेल, असं मला वाटत नाही.

या खुर्च्याच का, हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत, गेस्ट हाउसात एकदा खिडकी दुरुस्त करायला गेला होतात. तिथल्या म्हाताऱ्या गोऱ्या इंजिनियरने चहा मागवला आणि तुम्हाला बसायला सांगितलं. तुम्ही खुर्ची शोधायला लागलात, म्हणजे तुमच्यासाठी वेगळी असेल ती. "समद्या येकसारख्याच हुत्या. सायबाची कुठली त्येच कळंना. मग काय, बसलो." तुमच्या वडिलांना चावडीवर कुणी कधी बस म्हटलं नव्हतं, हे तुम्ही पुढच्याच वाक्यात सांगितलंत, आणि त्याच्या पुढच्या वाक्यात चहात साखर कमी होती असं सांगितलंत.

मी तेव्हा पुस्तकी मुद्दा काढला. म्हटलं, आप्पा, सगळ्यांसाठी म्हणून केलेल्या या खुर्च्या आज फक्त श्रीमंतांना परवडतात. काचेच्या शोरूममध्ये चौथऱ्यावर असतात, वर पाटी असते की बसू नये. तुमची समतेची खुर्ची कुठे पोचली बघा.

"म्हणून तर भंगारातनं आणली," तुम्ही म्हणालात.

तुमचा हा स्वभाव मला परवडायचा नाही. म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली. तुमच्या खुर्च्या अस्सल आहेत कशावरून? जगभर नकला होतात. पुस्तकात मापांसकट आराखडा होता. तो मी चहाच्या डागासकट ट्रेसिंग पेपरवर उतरवून तुम्हाला दिला. दोन वर्षांनी मी खुटबावला तुमच्या घरी आलो तेव्हा तीनच्या चार खुर्च्या झाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या बुडाला पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर होता. पंगतीला, बारशाला वस्तीत खुर्च्या जातात, परत आल्या पाहिजेत, म्हणून तुम्ही मंडपवाल्यासारखे नंबर टाकले होते. बैठकीच्या फाटलेल्या पट्ट्या काढून दौंडच्या बाजारातली पलंगाची नवारही विणली होती. मी कपाळाला हात लावला. "चौथी कुठून आली?" मी विचारलं.

"सणसवाडीहून."

मग मी तुमचीच लोखंडी मोजपट्टी घेऊन सगळ्या मोजल्या. आराखड्यात रुंदी साठ सेंटिमीटर. एक, दोन, तीन नंबरच्या भरल्या एकोणसाठ पॉइंट चार. चार नंबरची बरोब्बर साठ. मी निकाल दिला: तीन नकला, एक अस्सल. तुम्ही पट्टी माझ्या हातातून घेतलीत, पुसलीत आणि म्हणालात, "तुम्ही वाचलेली मान्सं. आसंल."

पुढची सगळी वर्षं मी आल्या-गेल्याला चार नंबरची खुर्ची दाखवत राहिलो. "ही बघा, हिचा वळसा बघा, कारखान्याचं काम कसं असतं." तुम्ही दारात उभे राहून ऐकायचात. एकदा तर म्हणालात, "सर, अजून जरा सांगा की वळशाचं."

आता मुंबईच्या माणसाची गोष्ट. तुमच्या मुलीच्या ओळखीतून तो आला. जुनं परदेशी फर्निचर घेऊन मोठ्या घरांना देतो. तागाचा शर्ट, गळ्यात चष्मा. बैलबाजारात दात बघतात तशा त्याने खुर्च्या उलट्या करून बघितल्या.

"हे काय लिहिलंय खाली?"

"नंबर हाय," वहिनी म्हणाल्या. "न्हाईतर लोकं आणून देत न्हाईत."

"आणि हे वेबिंग ओरिजिनल नाही."

"दौंडची नवार हाय. चांगली हाय. कॉटन."

त्याने डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडे वळला, कारण कुणीतरी त्याला मी जाणकार असल्याचं सांगितलं होतं. मीही जाणकारासारखा बोललो. चार नंबरची अस्सल, बाकीच्या नकला, पण चांगल्या. त्याने चार नंबरच्या खुर्चीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. टेम्पो बुधवारी पाठवतो म्हणाला. बाकीच्याही नेईन, पण मुख्य हीच.

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, जाऊ द्या समद्या. घरात जागा न्हाई आन् पोरगी म्हणती त्या पैशात वस्तीतल्या पोरींसाठी अभ्यासिकेला छप्पर हुईल. पण यातली येक ह्यांनी केलेली हाय. तेवढी मला ठिवायचीय. कुठली ती सांगा."

मी विचारलं, केलेली म्हणजे दुरुस्त केलेली का?

"न्हाई वो. नवी. कंपनीत मशिनी यायच्या ना बाहेरनं, त्याच्या खोक्यांचं लाकूड आणायचे. अख्खा उन्हाळा घरात सरसाचा वास. भाकरीला पण. मी अंगणवाडीत असायची, कुठली केली त्ये काय बघितलं न्हाई. नंबर टाकताना मिसळल्या."

आप्पा, खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. म्हणजे तीन नकलांपैकी एक तुमची. सोपं आहे, मोजून सांगतो म्हटलं. तुमची पट्टी घेतली आणि अर्धा तास जमिनीवर लोळून तिन्ही खुर्च्या मोजल्या. तिन्हींत केसाचा फरक नव्हता. वळसा तोच, थर तेवढेच. हाताने केलेली वस्तू कारखान्याच्या दोन वस्तूंशी इतकी जुळेल कशी? वहिनी उंबऱ्याशी बसून माझ्याकडे बघत होत्या. ज्या विश्वासाने बघत होत्या तो मला नको होता.

त्यांनाच दया आली. शिवणाच्या डब्यातून कापडी टेप आणून म्हणाल्या, "ह्यानं बघा." मी बघितलं. एक नंबर, साठ. दोन नंबर, साठ. तीन नंबर, साठ. चार नंबर, साठ आणि वर सहा मिलिमीटर.

"तुमचा टेप ताणलाय," मी म्हणालो.

"टेपाला काय धाड भरलीय! तुम्ही त्या पट्टीनं मापताय व्हय? भाऊ, ती फाउंड्रीची पट्टी हाय. तिनं मी पयल्या वर्षी पडदे मापले हुते, बोटभर खाली लोळले. ह्ये हसून हसून लाल. वतलेलं लोखंड गार झालं की आकसतं म्हनं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. ती पट्टीच मोठी आसती. तिचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा मोठा."

मी पट्टी उजेडात नेली. एका टोकाला, गंजाखाली, तसं इंग्रजीत कोरलेलं होतं. आयुष्यभर मी छापलेलं सगळं वाचत आलो, मसाल्याच्या पुड्यांसकट. ते तेवढं वाचलं नव्हतं.

तुमच्या मोठ्या पट्टीवर भंगारातल्या खऱ्या खुर्च्या लहान भरल्या, म्हणून मी त्यांना नकला ठरवलं. माझ्या आराखड्यावरून, त्याच पट्टीने तुम्ही जी केलीत ती आकड्याला आकडा जुळली, म्हणून ती अस्सल. तीन खुर्च्या परदेशी वास्तुविशारदाच्या, एक तुमची, आणि मी इतकी वर्षं तुमच्या हातच्या कामाकडे बोट दाखवून लोकांना सांगत होतो की परदेशी काम असं असतं.

मला आता एवढंच कळत नाही की तुम्ही बोलला का नाहीत. तीस वर्षं जी पट्टी वापरली तिचं माप तुम्हाला माहीत नव्हतं, हे शक्य नाही. खुर्ची करताना दुसरी पट्टी घरात नव्हती की नेहमीची म्हणून हात तिच्याकडेच गेला, हेही विचारायचं होतं. आणि मी निकाल देत होतो तेव्हा? गंमत म्हणून गप्प बसलात? की जाणकाराच्या तोंडून स्वतःच्या कामाची स्तुती ऐकायची होती? ती खुर्ची तुमची आहे हे माहीत असताना मी स्तुती केली असती का, हे तुम्हाला बघायचं होतं का?

आणखीही एक शक्यता आहे आणि ती मी इतके दिवस बाजूला ठेवली. तुम्ही भांडगावला आमच्या घरी एकदाच आलात. आपली ओळख नवी होती, माझे वडील तेव्हा हयात होते. ते ओसरीवर होते, शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. "बसा की," ते म्हणाले आणि हात पायरीकडे केला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो. हात सवयीने गेला असेल. पण गेला पायरीकडेच. तुम्ही पायरीवर बसलात, फुलपात्रातून पाणी प्यालात, पुस्तकाचं बोललात. मी शेजारी उभा होतो. मला खुर्ची पुढे करता आली असती. दोन पावलांवर होती. त्यानंतर मी कितीदा या म्हटलं तरी तुम्ही "तुम्हीच या की खुटबावला" म्हणायचात. आणि मी आलो की हाताला धरून खुर्चीवर बसवायचात. हे मी कधी बोललो नाही. तुम्हीही नाही. मला चुकू देणं हा त्याचा हिशेब होता का? तसं असेल तर फार स्वस्तात सोडलंत, आप्पा. आणि नसेल तर मी तुमच्यावर भलताच आळ घेतोय, तोही तुम्ही उत्तर देऊ शकत नसताना. आपल्या भांडणात मी कधी याहून बरा वागलो नाही.

सहा मिलिमीटरचा काही थोर अर्थ काढायचा मोह मला झाला होता. लोखंड आकसतं, माणसं आकसतात, तुम्ही जास्तीची जागा ठेवली, वगैरे. शोकसभेतल्या पाहुण्यांनी हे छान सांगितलं असतं. लाकूड ओतलेल्या लोखंडासारखं आकसत नाही म्हणून ती खुर्ची मोठीच राहिली, एवढंच.

वहिनींना मी चार नंबरची दाखवली. त्या लगेच बसल्या नाहीत. आधी खालून हात फिरवला, मग वळशावरून, मग नवारीवरून. "ही तर ती," म्हणाल्या, "तुम्ही पाव्हण्यांना दाखवायचे ती." मी हो म्हटलं. "म्हंजी तुम्हाला ठावं हुतं!" मी नाही म्हटलं. त्या हसायला लागल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. बराच वेळ हसल्या आणि मग डोळे पुसत आत गेल्या.

मी मुंबईच्या माणसाला फोन लावला. चार नंबरची मिळणार नाही म्हणालो.

"सर, असं कसं? तीच तर ओरिजिनल म्हणालात तुम्ही."

"मी चुकलो होतो. पहिल्या तीन ओरिजिनल आहेत. चौथी नाही."

हे शब्द तुमच्यासमोर माझ्या तोंडून कधी आले नाहीत. बोलायला सोपे निघाले. तो बहुधा फोटो बघत होता.

"पण सर, काम तर टॉप क्लास आहे. रेकॉर्डला ठेवतो. आर्किटेक्ट कोण हिचा?"

मी तुमचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मुक्काम खुटबाव, तालुका दौंड. पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"एक मिनिट, लिहून घेतो. परत सांगा."

मी परत सांगितलं.